भूमितीबाई मास्टर्स होतात

आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना सगळे भूमितीबाई म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, आम्ही शिक्षक तोंडावर म्हणत असू, आणि हेडसरांनी एकदा नोटिशीतही तसंच लिहिलं होतं. बाई फळ्यावर हातानंच वर्तुळ काढत, आणि ते असं नेमकं येई की कंपासनं खाली मान घालावी. शिकवण्याचा परवाना त्यांच्याकडे वीस-बावीस वर्षांपासून होता आणि वेळोवेळी त्यावर नवा शिक्काही बसत होता. थोडक्यात, बाईंना शिकवता येतं याची सरकारला खात्री होती, मुलांना होती, मुलांच्या आईबापांना होती. नव्हती ती फक्त एका परिपत्रकाला.

ते परिपत्रक हेडसरांनी आम्हाला स्टाफरूममध्ये उभ्यानंच वाचून दाखवलं. नुसता परवाना असलेल्यांनी शिकवत राहावं, हरकत नाही. पण वरिष्ठ शिक्षक व्हायचं असेल तर शिक्षणशास्त्रातली मास्टर्स हवी.

"सक्ती नाही बरं का," हेडसर बाईंकडे बघत म्हणाले. "अगदी ऐच्छिक आहे."

"म्हणजे नाही केलं तरी चालेल?"

"चालेल की. फक्त मग संगणकसरांना तुमच्यावर वरिष्ठ नेमावं लागेल. त्यांची मास्टर्स झालेली आहे."

संगणकसर गेल्याच वर्षी लागले होते. वर्गात मुलं ओरडायला लागली की ते स्वतः बाहेर जाऊन उभे राहत. त्यांनी नम्रपणे चहाच्या कपात बघितलं. बाईंनी त्याच आठवड्यात संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. ज्ञानाच्या ओढीनं माणूस काय काय करतो!

पहिल्याच दिवशी 'व्याख्यान पद्धतीचे तोटे' या विषयावर लांबलचक व्याख्यान झालं. प्राध्यापकांनी पडद्यावरची वाक्यं मोठ्यानं वाचली, दिवसभर शाळा करून आलेल्या परवानाधारक शिक्षकांनी ती वहीत उतरवली. शेवटी प्रश्न विचारायला वेळ उरला नाही, कारण 'विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचं महत्त्व' हा भाग जरा लांबला.

मला वाटलं, बाई दुसऱ्या दिवशी कपाळाला आठ्या घालून येणार. मी भाषा शिकवते, माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. मी तर दोन-चार टोमणे तयारही ठेवले होते. पण झालं भलतंच. बाई भारावून आल्या.

"अहो, आपण इतकी वर्षं आंधळेपणानं शिकवत होतो," त्या मला म्हणाल्या.

त्यानंतर बाईंची भाषा पालटली. मुलं आता दंगा करत नव्हती, समवयस्क आंतरक्रिया करत होती. कोणी नापास होत नव्हतं, अपेक्षित क्षमतेच्या वाटेवर राहत होतं. एकानं दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला तेव्हा बाईंनी त्याला कोपऱ्यात उभं न करता 'तुझ्या भावनेला नाव दे' असं सांगितलं. त्यानं दिलं. ते नाव इथं लिहिण्यासारखं नाही.

घरीही तोच प्रकार. बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस सज्जन, दिवसभर लोकांना 'हे दिसतंय का, ते दिसतंय का' विचारून थकलेला. त्यांनीच मला पुढे कधीतरी हसत हसत सांगितलं. जेवताना बाईंनी विचारलं, "भाजीबद्दल तुमचं चिंतन काय?"

"मीठ कमी आहे."

"हा अभिप्राय झाला. मी चिंतन विचारलं."

"अगं, मीठ कमी आहे आणि तरी मी मुकाट्यानं खातोय. आणखी काय चिंतन करू?"

मग आला प्रबंध. कॉलेजातल्या मार्गदर्शिका म्हणाल्या, प्रयोग करा. आठवीच्या दोन तुकड्या बाईंकडे होत्याच. 'अ' तुकडी नव्या पद्धतीनं त्रिकोण शिकणार, म्हणजे गटात बसून स्वतःच शोधून काढणार. 'ब' तुकडीला नेहमीसारखंच, खडू-फळा. शेवटी दोन्हींची परीक्षा, आणि फरक मोजायचा. फरक 'अ'च्या बाजूनं येणार हे ठरलेलंच होतं. प्रबंधाचं शीर्षक मला तपासायला दिलं होतं. मी एवढंच विचारलं की वाचताना मध्ये श्वास कुठे घ्यायचा.

बाई झपाटून कामाला लागल्या. 'अ' वर्गात रंगीत कागद आले, कात्र्या आल्या, डिंक आला आणि डिंकाला चिकटलेली मुलं आली. प्रत्येक गटात एक वेळ सांभाळणारा, एक बोलणारा, एक बाकीच्यांचा उत्साह वाढवणारा. त्रिकोण करणं मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. बाईंनी उत्तर सांगायचं नाही, असा नियम. त्या पाठीमागे हात बांधून फिरत आणि थांबून काहीबाही टिपत. एका गटानं त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज हात वर करून बहुमतानं ठरवली.

"छान," बाई म्हणाल्या. "तुमचं मत मी नोंदवून घेते."

'ब' वर्गात बाई पोचत तेव्हा दमलेल्या असत. तिथं काही सिद्ध करायचं नव्हतं. त्या खडू उचलत, आडवी रेघ मारत आणि म्हणत, "हं, बघा इकडे." पुढचा तास कसा गेला ते त्यांना कळत नसे, आणि मुलांनाही. कधी शेजारच्या वर्गातून मी ऐके, सगळी तुकडी एकदम "आऽऽ" करी. कळल्याचा आवाज असतो तो. दाराआडूनही ओळखता येतो.

हे 'अ' वर्गालाही ऐकू जात होतं. त्या वर्गात एक फटकळ मुलगी होती, शाळेतल्या शिंप्याची पुतणी. शाळेचे गणवेश शिवणारा तो शिंपी बोलण्यात जितका गोड, तितकी ही तिखट. एका दुपारी तिनं बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, एक विचारू? आमच्याकडून काही चुकलं का?"

"का गं?"

"नाही, 'ब'ला तुम्ही शिकवता. आम्हाला का नाही शिकवत?"

बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या काखेत गुंडाळलेला तक्ता घेऊन. खुर्चीवर बसल्या, पण तक्ता खाली ठेवला नाही.

"ती म्हणाली, आमच्याकडून काही चुकलं का," त्या म्हणाल्या. "मी त्यांना मुद्दाम सांगत नव्हते हो. मला उत्तर येत होतं आणि मी सांगत नव्हते."

मला त्या वेळी एकही टोमणा सुचला नाही. माझ्या बाबतीत ही दुर्मीळ गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी 'अ' वर्गातली बाकं पुन्हा फळ्याकडे वळवली आणि त्रिकोण पहिल्यापासून शिकवला. पण सगळंच टाकून दिलं नाही. कागदी त्रिकोणाचे तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवले की सरळ रेघ होते, हे मुलांना फार आवडलं होतं. ते त्यांनी ठेवलं, आणि वर 'ब' वर्गालाही करून दाखवलं. मग प्रामाणिकपणे जाऊन मार्गदर्शिकांना हे सांगितलं.

"दोन्ही तुकड्यांना शिकवलंत?" मार्गदर्शिकांनी विचारलं.

"हो."

"दोन्हींना नीट?"

"जमेल तितकं."

"अहो, मग फरक कसा दिसणार?"

मार्गदर्शिका तशा वाईट नव्हत्या. त्यांनी कपाळ चोळलं आणि तोडगा काढला. "पुढच्या वर्षी नवीन 'अ' तुकडी येईलच. तिच्यावर पुन्हा करा. त्यांना मात्र शेवटपर्यंत काही सांगू नका."

"नाही जमायचं," बाई म्हणाल्या. "जे झालं तेच लिहिते."

"मग 'संशोधनाच्या मर्यादा' म्हणून शेवटी एक प्रकरण असतं, त्यात लिहा. ते कोणी वाचत नाही."

बाईंनी लिहिलं. इतरांच्या प्रबंधात मर्यादा पानभर असतात. बाईंचा जवळजवळ सगळा प्रबंध मर्यादांचाच झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली.

"यातून नवीन निष्पन्न काय झालं?"

"मुलांना शिकवलं की येतं."

"हे याआधी कोणी म्हटलंय का? संदर्भ दिसत नाही."

"शोधला नाही, सर."

"द्यायला हवा होता," परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी बाईंना काठावर पास केलं.

शाळेनं सत्कार केला. हेडसरांनी भाषणात बाईंचा उल्लेख तीनदा केला आणि प्रबंधाचा विषय तिन्ही वेळा वेगळा सांगितला. बाई वरिष्ठ शिक्षक झाल्या. वरच्या मजल्यावर खोली मिळाली, फिरती खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली. काम एकच, इतर शिक्षकांना मार्गदर्शन. वर्ग एकही नाही.

"आठवी?" बाईंनी विचारलं.

"छे! इतक्या शिकलेल्या माणसाला आठवीवर वाया घालवायचं का?" हेडसर म्हणाले. "आठवी संगणकसर बघतील."

बाई काही आठवडे खुर्चीत बसून फिरल्या. खिडकीतून मैदान दिसे आणि खालून दोन्ही आठव्यांचा गलका येई, कारण संगणकसर बाहेर उभे असत. मग बाई पुन्हा हेडसरांकडे गेल्या.

"मला हे पद नको. मला वर्ग द्या."

"पद सोडायची सोयच नाहीये नियमात. आजवर कोणी सोडलंच नाही ना!"

"बरं. मग पदाची कामं कोणती, तेवढं तरी वाचून दाखवा."

हेडसरांनी मोठ्या आनंदानं वाचलं. त्यात एक काम होतं: सहकाऱ्यांसाठी आदर्श पाठ घेणे. किती, ते लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, वर्षातून एखादा.

दुसऱ्या दिवसापासून बाईंचे आदर्श पाठ सुरू झाले. रोज, आठवी 'अ' आणि आठवी 'ब', वेळापत्रकात गणित असेल त्या तासाला. संगणकसर शेवटच्या बाकावर निरीक्षक म्हणून बसत. सुरुवातीला ते फोन बघत, पुढे फळा बघायला लागले, आणि परवा तर एका मुलाला समजत नव्हतं तिथं उठून गेले. ते मी दारातून पाहिलं, तेव्हा ऐकीव नाही.

हेडसरांना आधी हे खटकलं. पण आपल्या शाळेत आदर्श पाठ सर्वाधिक होतात असं त्यांनी वर कळवलं, वरून शाबासकी आली, आणि त्यांचं मन निवळलं. मागच्या महिन्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी मागच्या बाकावर बसून सगळा तास पाहिला, मान डोलावली आणि बाहेर पडताना विचारलं, "उत्तम! हा आदर्श पाठ संपणार कधी?"

"वार्षिक परीक्षा झाली की," भूमितीबाई म्हणाल्या, आणि फळा पुसायला लागल्या.