त्याचा करडा हेडफोन

कुठलाही हेडफोन हातात आला की तो आधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचा, पुन्हा घालायचा आणि मगच हेडफोन डोक्यावर चढवायचा. चष्म्याच्या काड्या कानाशी दाबल्या जातात का, हे त्याला सगळ्यात आधी बघायचं असे. मग डोळे मिटून ऐकत राहायचा. शेजारी उभं राहून आपण विचारावं, "कसो आसा रे?" तर उत्तर ठरलेलं. "बरो आसा. पण माका बरा नको, खरा होया."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा तिटकारा आला होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. कधी आवाज चढवत नाही, कुणाचं वाईट बोलत नाही, त्यामुळे त्याच्यावर रागवायला जागाच सापडत नाही. माझा तर तो शाळेपासूनचा सोबती. एका बाकावर बसलो, एकाच बुवांकडे पेटी शिकलो, आणि पुढे आमच्या मिठबाव गावात दोघांनीही घरातच स्टुडिओ काढले. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. माझा स्टुडिओ माडीवर, आंब्याची अढी घालायच्या खोलीत. हंगामात तिथे आंबे पिकतात आणि गाणी बंद. त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत त्याचा स्टुडिओ. काम दोघांचं एकच. भजनी मंडळांचे अभंग आणि गौरी-गणपतीसाठी बायकांच्या फुगड्यांची गाणी रेकॉर्ड करायची, मग प्रत्येक आवाज कमी-जास्त करून त्यांचा मेळ घालायचा.

हेडफोन घ्यायला आम्ही एकत्रच कोल्हापूरला गेलो होतो. मी दुकानात शिरलो, काचेतला काळा चकचकीत हेडफोन घातला आणि दुकानदाराने लावलेल्या गाण्यातला ढोल थेट छातीत वाजला. माझी खरेदी झाली. त्याने मात्र खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात आमच्याच मंडळाचा एक अभंग होता, काहीही न सुधारलेला, जसा गायला तसा. प्रत्येक हेडफोनवर त्याने तो एकच अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मध्येच उठून म्हणाला, "कान दमले. जरा भायर जावन येतंय." आणि खरंच रस्त्यावर फेरी मारून आला.

दुकानदार वैतागून म्हणाला, "पाव्हणं, सोयरीक जमवायला आलाय का काय?"

"तसाच समजा," तो म्हणाला. "दिवसभर डोक्यार बसतलो ना!"

शेवटी त्याने एक करडा, कापडी गादीचा हेडफोन घेतला. बाहेरून जाळीदार. म्हणजे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. मी फोंडा घाट उतरेपर्यंत त्याची थट्टा केली. "अरे, ह्येच्यात समुद्राची गाज शिरतली! कावळे शिरतले!"

"शिरांदे की. गाणा आयकतले ती माणसा समुद्राकडेच रवतत."

त्या वर्षी भजनाचं काम मला मिळालं. माझ्या काळ्या हेडफोनवर मृदंग असा घुमायचा की मी त्याचा आवाज खाली खाली आणत गेलो, आणि मंडळाच्या टेम्पोत गाणं लागलं तेव्हा मृदंग जवळपास नाहीसाच झाला. बुवांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मिरदंग खंय गेलो रे? वाजवणाऱ्याक मानधन दिलला मा आमी?" लोक हसले. पुढचं काम बुवा त्याच्याकडे घेऊन गेले.

तो मात्र हसला नाही. उलट संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "तुझो हेडफोन तुका खूश करता. काम करूक देना नाय. माझो घेवन जा थोडे दिवस." मी नेला. ऐकला. बिनमिठाची पेज प्यायल्यासारखं वाटलं, आणि सकाळी परत देऊन टाकला. त्याचं म्हणणं मला पटलं नव्हतं असं नाही. त्याच्याकडून ते पटवून घ्यायचं नव्हतं.

पण बुवांचं सोडा. माझं खरं दुखणं घरातच होतं. माझी बायको वाडीतल्या बायकांच्या फुगड्यांना पुढे गाते. तिचा आवाज मी लग्नाआधी ऐकला होता आणि लग्न ठरवण्यात त्याचाही हात होता. दर वर्षी ती माझ्या खोलीत, माझ्याच माइकसमोर गायची. आणि गाऊन झालं की पदराने घाम पुसत सहज म्हणायची, "आता ह्या भावजींकडे धाडा." भावजी म्हणजे तोच.

एकदा मी न विचारता तिचं गाणं स्वतःच मिक्स केलं. मन लावून केलं. मधले श्वास काढले, बांगड्या काढल्या, आवाजाला देवळातल्यासारखा घुमारा दिला. तिने ऐकलं आणि म्हणाली, "ह्यो माझो आवाज न्हय. ही खंयची तरी टीव्हीवरची बाई गाता."

मग तेच गाणं त्याने केलं. त्यात तिचा श्वास होता, बांगड्या होत्या, फुगडी घालताना तोंडाने ताल धरत काढलेला पकवाही होता. ती दारात उभी राहून ऐकत होती आणि तिचे पाय जागच्या जागी हलत होते. मी जळलो. दुसरा शब्द नाही त्याला. माझ्या बायकोचा आवाज माझ्या घरात राहतो आणि तो ओळखायचा मात्र या चष्मेवाल्याने! त्यात ती म्हणाली, "भावजींचे कान देवान दिलले आसत." मी त्या दिवशी सोलकढी घेतली नाही. तिने कारणही विचारलं नाही.

गेल्या श्रावणात तिचं नवं गाणं मी रेकॉर्ड करून त्याच्याकडे दिलं आणि त्याच आठवड्यात तो गेला. दुकान उघडताना छातीत कळ आली, शटर अर्धंच वर गेलं.

दिवसकार्य उरकल्यावर त्याच्या बायकोने मला पेनड्राइव्ह आणि तो करडा हेडफोन आणून दिला. "तुमीच वापरा. हंय रवलो तर बुरशी येतली." मी संगणक लावून बघितलं. माझं रेकॉर्डिंग मी दिलं तसंच होतं. हात लावायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

मी हेडफोन चढवला. त्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठं. पट्टी दोन्हीकडून आत सरकवली. सुरुवातीला पुन्हा ती बिनमिठाची पेज. मग हळूहळू तिच्या आवाजातली बारीक खरखर कानी आली, ती काढायला बोट पुढे गेलं आणि मी ते मागे घेतलं. कान दमले की खाली अंगणात जाऊन यायचो. श्वास ठेवले. बांगड्या ठेवल्या. चतुर्थीच्या आत काम पुरं केलं आणि तिच्या हातात फोन दिला.

तिने गाणं पूर्ण ऐकलं. पायरीवर बसली. किती वर्षं मी त्या क्षणाची वाट बघितली होती म्हणून सांगू!

"जाताना ह्या करून गेले गो बाय माझे भावजी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "त्येनीच केलला मा?"

माझं तोंड उघडलं होतं. ‘मी केलंय, मी’ हे शब्द अगदी ओठांशी आले होते.

"होय," मी म्हटलं. "त्येनीच."

तिने पदराने डोळे पुसले आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी तिच्याशेजारी पायरीवर बसून ऐकत राहिलो.