कापसाच्या खोलीत पारखलेली गिटार

ढाणकीच्या आसपास विहिरीवरची मोटार जळाली की ती मुजफ्फरभाईंच्या दुकानात येत असे. विजेच्या येण्याजाण्याला त्या वर्षांत कसलाच नियम उरला नव्हता. त्यामुळे मोटारी मात्र नियमाने जळत, आणि कापसाच्या पडत्या भावाने सारी बाजारपेठ सुस्तावलेली असतानाही मुजफ्फरभाई दिवसभर तांब्याची तार गुंडाळीत बसलेले दिसत. संध्याकाळी हात धुऊन ते ओट्यावर गिटार घेऊन बसत. तरुणपणी नांदेडला वाइंडिंग शिकत असताना एका बँडपार्टीतील वादकाने त्यांना ही विद्या दिली होती. शेवटपर्यंत येणारी धून त्यांच्याजवळ एकच होती. बाकीच्या धुना अर्ध्यावर थांबत, आणि त्या का थांबल्या याचे कारण ते दर वेळी नवे सांगत.

या एका धुनेवर त्यांची मुलगी अतिया लहानपणी झोपत असे. पुढे ती लग्न होऊन वणीकडच्या एका गावी गेली. तिला मूल झाले आणि ते रात्रभर रडू लागले. मी शेजारी राहणारा निवृत्त मुख्याध्यापक. तिचा फोन आमच्या घरी येत असे. अब्बांनी ती धून कॅसेटवर भरून पाठवावी, एवढेच तिचे मागणे होते. मुजफ्फरभाईंनी फोनवर होकार दिला आणि रिसीव्हर ठेवल्यावर मला सांगितले की गिटार कालच मोडली.

मोडण्याचे कारण त्यांचा मेहुणा तारिक. भाव वाढेपर्यंत कापूस विकायचा नाही असा त्याने निश्चय केला होता आणि स्वतःच्या घरात जागा नसल्याने तो बहिणीच्या पुढच्या खोलीत भरला होता. गाठोडी खिडकीतून आत टाकली जात होती. त्यांतले एक बाजेवर पडले, आणि बाजेवर गिटार होती. मुजफ्फरभाईंच्या पत्नी आयशाबींनी आपल्या भावाविरुद्ध तत्काळ निवाडा दिला की नवी गिटार त्यानेच आणून द्यावी. तारिकने निवाडा स्वीकारला. ती स्वस्तातली असावी, हे कलम मात्र त्याने स्वतः जोडले.

उमरखेडला बबनराव यांचे वाद्यांचे दुकान होते. हार्मोनियम आणि ढोलकी यांच्या मागे दोन स्वस्त गिटारी टांगलेल्या होत्या. मुजफ्फरभाईंनी प्रथम डोळा लावून दोघींच्या माना सरळ आहेत की नाहीत हे पाहिले, तारा लाकडापासून फार उंच तर नाहीत हे बोट घालून तपासले, खुंट्या पिळून पाहिल्या. दोन्ही या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. काळसर गिटारीचा आवाज मऊ आणि भरदार होता. पिवळीचा इतका खणखणीत होता की बबनरावांनी स्वतःच कानाला हात लावला. मी काळसर गिटारीच्या बाजूने मत दिले, बबनरावांनी दिले, आणि दारातून डोकावणाऱ्या एका गिऱ्हाइकानेही दिले.

मुजफ्फरभाईंना हे मतदान मान्य नव्हते. "सर, मोटर टेबलावर गरगर फिरली म्हंजे झालं का? तिले विहिरीत उतरवून पाह्यल्याशिवाय मी कोणाच्या हाती देत नाई. जिथं वाजवाची, तिथंच पारखाची."

बबनरावांच्या विहिरीची जळालेली मोटार मुजफ्फरभाईंनीच नवी तार भरून दिलेली असल्यामुळे दोन्ही गिटारी विश्वासावर ढाणकीला आल्या. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता. मध्ये एका माणसापुरती जागा. तेथे ते बसले, मी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर धरला, आणि दोघींवर तीच धून भरली गेली. ऐकताना चमत्कार झाला. काळसर गिटार गोधडीखालून कण्हत असल्यासारखी वाटली. पिवळीचा सारा कर्कशपणा कापसाने पिऊन टाकला होता. राहिला तो निव्वळ गोडवा. माझे मत मी जाहीरपणे मागे घेतले. काळसर गिटार परत गेली.

आता कॅसेट भरावयाची. परंतु मुजफ्फरभाईंना घाईचे काम आवडत नसे. पारखताना भरलेल्या धुनेत समोरच्या पिठाच्या गिरणीची घरघर आली होती, आणि गिरणी चालू असता धून भरणे त्यांना मंजूर नव्हते. गिरणी वीज गेल्यावरच बंद पडे, आणि नेमकी त्या आठवड्यात वीज कधी नव्हे ती टिकून राहिली. सारे गाव खूश होते. हे एकटे आकाशाकडे पाहत सुस्कारे टाकीत. अखेर एका दुपारी वीज गेली. गिरणी थांबली. ते दुकान टाकून घरी धावले, तर पुढच्या खोलीत कापूस नव्हता. सरकारी कापूस खरेदी केंद्र सुरू झाल्याची बातमी लागताच तारिक ट्रॉली भरून उमरखेडला गेला होता.

खाली शहाबादी फरशी, वर टिनाचे छत, मध्ये मुजफ्फरभाई. त्यांनी तार छेडली. टिनाने उत्तर दिले, फरशीने त्याला दुजोरा दिला. आयशाबी कापसाच्या खाजेतून सुटल्यामुळे प्रसन्न होत्या, तरी त्यांनी घरातल्या सर्व गोधड्या भिंतींवर टांगून दिल्या. मग आवाज भिंतीत गुदमरू लागला आणि छतावर किंचाळू लागला. आयशाबी मला म्हणाल्या, "सर, याइले सांगा, या आवाजानं लेकरू झोपन नाई, झोपलेलं पळन."

बबनरावांकडे निरोप धाडला, तर काळसर गिटार विकली गेली होती. मुजफ्फरभाईंनी पिवळीला पोत्यात गुंडाळले आणि मला टेपरेकॉर्डर घ्यायला सांगितले. जेथे कापूस गेला तेथे गिटारीने जायचे, असे ठरले.

खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लांबवर गेली होती. बैल सोडलेले, माणसे चाकांच्या सावलीत आडवी. तारिकने आम्हांला ट्रॉलीवर चढताना पाहिले आणि तो हात पसरून आडवा झाला. एखादी तार तुटून कापसात गेली तर जिनिंगमध्ये ठिणगी पडेल, प्रत ठरवणारा ग्रेडर सारा माल परत पाठवील, असे त्याचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते.

मुजफ्फरभाई ट्रॉलीवरूनच म्हणाले, "तारिक, जुनी कोणं मोडली?"

तारिक खाली उतरला. धून संपेपर्यंत तोंड उघडणार नाही, फक्त रांग हलली तरच बोलेन, असे त्याने कबूल केले. मुजफ्फरभाई कापसात खड्डा करून कमरेपर्यंत आत बसले. मी काठावर बसून कळ दाबली. पिवळी गिटार पुन्हा गोड झाली. सावलीतल्या माणसांचे बोलणे आपोआप थांबले; एक म्हातारा पागोटे तोंडावर ओढून चक्क घोरू लागला. धून पूर्ण झाली. शेवटचा सूर अजून विरत होता, तोच खालून तारिक गरजला, "दुल्हेभाई, उठो, नंबर आया!"

पुन्हा भरायला अवसर नव्हता. ट्रॉली हलली, आणि थोड्या वेळात कापूस मोजून गेला. तार एकही तुटली नव्हती. कॅसेट होती तशीच वणीच्या एसटीने रवाना झाली.

पुढच्या जुम्याला अतियाचा फोन आला. मूल धुनेच्या निम्म्यावरच झोपते, असे तिने सांगितले. तीही झोपते. दिवसभर शेतात राबलेला तिचा नवराही झोपतो. त्यामुळे टेप बंद करायला जागे कोणी राहत नाही. त्यांचा कापूस अजून विकला गेला नव्हता, नंबर यायचा होता. "नंबर आया" हे शब्द कानी पडताच जावई ताडकन उठून चपला शोधतात. परवा तर ते बैल जुंपून फाटकापर्यंत गेले होते. शेवट पुसावा म्हटले, तर अब्बांच्या शेवटच्या सुरावरच तारिकमामू बसलेले. तो सूर घालवायला तिचे मन होत नव्हते. अब्बांनी दुसरी कॅसेट भरून द्यावी.

मुजफ्फरभाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"लेकरू झोपते ना?" त्यांनी विचारले.

झोपते, असे ती म्हणाली.

"मंग बेटा, काम बरोबर झालं. जावयाले झोपवाची ऑर्डर नव्हती."