याडीचं सामान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, जुन्या गेमांच्या ग्रुपवरच्या दोस्तांना तर नाहीच. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्याला सांगायची वेळ मागच्या महिन्यात चालून आली होती, तीही मी घालवली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे काही शूरपणाचं कारण नव्हे, मला कळतं.

आधी हसून घ्या, कारण गोष्ट एका कॉम्प्युटर गेमची आहे. मी यवतमाळला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि रविवारी जुने गेम खेळून त्यांचे व्हिडिओ टाकतो. धडाधड गोळ्या झाडायचे गेम नव्हेत. सहा जणांची टोळी बनवायची, प्रत्येकाला नाव द्यायचं, गुहांमध्ये शिरायचं आणि पावलागणिक इंग्रजी वाचत बसायचं — ते. लोक म्हणतात, सर, तुम्ही ते इंग्रजी वऱ्हाडीत वाचून दाखवता, खरी मजा त्यातच आहे. असं कुणी लिहिलं की मी आधी फुगतो, आणि मग दिवसभर कशातच लक्ष लागत नाही. का लागत नाही? तिथंच यायचंय मला. पण जरा दमानं येऊ द्या.

माझ्या बाबांचा दारव्ह्याला टायपिंगचा क्लास होता. ओळीनं दहा-बारा टाइपरायटर, त्यांच्यावर रेक्झिनची झाकणं, आणि प्लायवूडच्या आडोशामागे एकुलता एक कॉम्प्युटर. त्यालाही बाबांनी उशीच्या अभ्र्याचं शिवलेलं कव्हर घातलं होतं. रविवारी क्लास बंद असायचा आणि किल्ली माझ्याकडे. मावसभावानं यवतमाळवरून एक सीडी आणून दिली होती, तिच्यावर स्केच पेननं नुसतं ‘गेम’ एवढंच लिहिलेलं. तेव्हा मी आठवीत होतो.

आणि रोहिदास. रोह्या माझ्याच वर्गात होता. बोरी अरबच्या अलीकडे त्यांचा तांडा. दिवाळी झाली की आई-बाप आणि धाकटी बहीण ऊस तोडायला निघून जायचे ते थेट होळीला परतायचे, म्हणून हा दारव्ह्याच्या वसतिगृहात. रविवारी जेवण आटोपलं की तो क्लासच्या पायरीवर येऊन बसलेला असायचा. माझ्याही आधी.

तुम्ही कधी कुणासोबत एका खुर्चीवर अर्धे-अर्धे बसून गेम खेळला आहात? नसाल, तर काय सांगू! आमची कामं वाटलेली होती. इंग्रजी मी वाचायचो, लढाई रोह्या लढायचा. डोकं त्याचंच. कुणाला पुढं ठेवायचं, कुणी मागून बाण मारायचा, पळायचं कधी, हे त्याला बरोबर उमगायचं. नकाशेही तोच काढायचा, टायपिंगच्या रद्दी कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. पुढून पाहिलं तर कुण्या पोरीनं गिरवलेल्या एएसडीएफच्या ओळी, मागून आमच्या गुहा. मधेच लाइन गेली तर सगळं पाण्यात, म्हणून दर दहा मिनिटांनी त्याचं टुमणं चालू, ‘मंग्या, सेव्ह कर बे.’

टोळीला नावं त्यानंच दिली. मी परदेशी वाटतील अशी भारदस्त नावं शोधत होतो. त्यानं माझा हात बाजूला सारला आणि एका बोटानं अक्षरं हुडकत टाइप केलं — याडी. त्याच्या बोलीत आई. मग बा, बहीण, आजा, तो स्वतः. सहावं नाव कुणाचं, असं मी विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तुयं. अजून कोनाचं राह्यते?’

याडी जखमा बऱ्या करणारी होती. कुणाला लागलं की रोह्या ऐटीत म्हणायचा, ‘थांब, याडीले सांगतो.’ ती पडद्यावर हात उचलायची आणि आपला माणूस उठून उभा राहायचा. त्याची खरी याडी तेव्हा कुठल्या कारखान्याच्या हद्दीत होती, हे त्यालाही नक्की माहीत नसायचं. मला हे सगळं तेव्हा दिसत होतं का? दिसत होतं. आठवीतल्या पोराला सगळं दिसतं.

आता माझ्या तलवारीचं सांगतो. माझ्या नावाचा जो गडी होता, तो अगदीच फुसका. कुलपं उघडायची आणि मागं राहायचं, एवढंच त्याचं काम. मग तीन रविवार घासून आम्ही एक निळसर पात्याची तलवार मिळवली आणि रोह्यानं ती स्वतःहून माझ्या गड्याला दिली. त्या दिवसापासून माझा गडी एका घावात एकेकाला आडवा करायला लागला. शाळेत मला कुणी खो-खोतही घेत नव्हतं. सोमवारी वर्गात बसलो तरी माझ्या डोळ्यांसमोर तीच तलवार असायची.

पुढच्याच रविवारी एका गुहेत याडी पडली. तिचं चित्र राखाडी झालं. उरलेल्या पाच जणांना घेऊन, एकही लढाई अंगावर न घेता, रोह्यानं ज्या देवळाची आम्ही नकाशावर आधीच खूण करून ठेवली होती तिथवर टोळी आणली. पुजारी पुढे आला, पडद्यावर इंग्रजी उमटलं आणि रोह्या म्हणाला, ‘वाच.’

मी वाचलं. तिथं लिहिलं होतं की तुमच्या माणसाला आम्ही उठवून देऊ, पण तुमच्यातलं सगळ्यात चांगलं हत्यार या उंबऱ्यावर ठेवून जावं लागेल. खाली प्रश्न होता — ठेवता का? हो की नाही.

आणि मी रोह्याला म्हणालो, ‘हे म्हनते, आता उशीर झाला. गेलेला मानूस इथं उठत नाही.’

तो पडद्याकडे बघत राहिला. त्याला अक्षरं लागत होती, पण इतकी लांब वाक्यं झपाट्यानं नाही. आणि मी शेजारी असताना त्यानं ती कायले वाचावी? मी ‘नाही’चं बटण दाबलं. पुजारी आत गेला. मग मी स्वतःहून म्हणालो, लाइन जाईल, सेव्ह करून घेऊ. आमची सेव्हची जागा एकच होती. जुनं मिटलं, नवं बसलं. हे सगळं एका मिनिटाच्या आत झालं.

त्या गेममध्ये मेलेल्याचं सामान काढून घेता यायचं. रोह्यानं एकेक वस्तू काढली — अंगठी, काठी, औषधाची थैली, शेवटी पायताण. मी म्हटलं, विकून टाकू. त्यानं मान हलवली. ते सगळं त्यानं स्वतःच्या नावाच्या गड्याकडे ठेवलं. ओझं जास्त झालं की त्या गेममध्ये गडी हळू चालतो, घाव चुकवू शकत नाही. त्याचा गडी शेवटपर्यंत तसाच चालला, घाव खात. निळी तलवार घेऊन मी पुढे असायचो. जिंकताना मला मजा आली का? आली. खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये गेम संपला. शेवटच्या चित्रात टोळी राजासमोर रांगेत उभी असते. आमचे पाचच होते आणि मधली एक जागा मोकळी. रोह्या बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत होता.

होळीला त्याचे घरचे परतले आणि तो आईला घेऊन क्लासवर आला. तिनं माझ्यासाठी कागदात बांधून गूळ आणला होता. पोराला सोबत घेतो, शिकवतो, म्हणून. आपलं नाव त्या मशिनीत आहे, हे तिला कळलं होतं. ती हसत मला म्हणाली, ‘दाखव ना बाबू, मी कुठं हावो यात?’ मी रोह्याकडे पाहिलं. त्यानं अभ्र्याचं कव्हर कॉम्प्युटरवर नीट ओढलं आणि म्हणाला, ‘लाइन नाही आज. तू देवळात हायेस याडी, बसून हायेस.’ वर पंखा फिरत होता. मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

सांगायला तेव्हा किती वेळ लागला असता?

रोह्या आता बोरी अरबला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. माझा एकही व्हिडिओ चुकवत नाही, खाली पहिला अंगठा त्याचाच. मागच्या महिन्यात त्याच्या नववीतल्या पोरीनं तोच गेम कुठून तरी शोधून काढला आणि बाप-लेक दोघं मिळून खेळायला बसले. नावंही तीच ठेवली. त्यानं मला मोबाइलवर बोलून पाठवलं. आवाज असा की जणू दुकानासमोर नाचतच असावा.

‘मंग्या, आज याडीले उठवलं बे! पोरगी म्हने, बाबा, इथं सरळ लिहेल हाय ना — हत्यार ठेवा अन् मानूस घेऊन जा. मी म्हटलं, आपल्याले तवा समजलंच नाही! तुले तरी कुठं येत होतं तवा इंग्रजी, आपून दोघंबी तसेच! याडीले सांगतलं, त हासून राह्यली. म्हने, बरं झालं बाई, उठवलं एकदाचं मले.’

मी ते स्टाफरूममध्ये तीनदा ऐकलं. माझ्या वतीनं सबब त्यानंच शोधून ठेवली होती, त्याला कसला संशयही नव्हता. मी एक हसरं तोंड पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘हो ना बे, कुठं येत होतं.’

आठवीत इंग्रजीत मी वर्गात पहिला होतो. पडद्यावर चारच ओळी होत्या, आणि त्या मला पहिल्याच वाचनात समजल्या होत्या.