घारीने मावशी खाल्ली

माझ्या धाकट्या जावेला सगळे घार म्हणतात. हे नाव तिला तिच्या वडिलांनी ठेवले. लहानपणी ती इथल्याच तलावाच्या काठी मान तिरकी करून उभी राहत असे आणि पाण्यातला मासा तिला इतरांच्या आधी दिसत असे. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा तिने एक पेटी, एक आरसा आणि वडिलांचे जाळे बरोबर आणले. ते जाळे पाहून आमच्या सासूबाईंनी नाक मुरडले होते. पुढे ताटात मासे पडू लागले, तेव्हा ते नाक आपोआप सरळ झाले.

आमच्या घराला दोन खोल्या आहेत आणि स्वयंपाक एकच आहे. मासे ती आणत असे, साफ मी करत असे, आणि खाताना सगळेच पुढे असत. घार एका लॉन्ड्रीत इस्त्रीचे काम करते. तिथे हॉटेलांच्या चादरींचे ढीग येतात. वाफेने तिचा चेहरा सदैव लाल असतो, आणि उभे राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या आहेत. कामावर जाण्याआधी ती तलावावर जात असे. तिला मासेमारीची हौस आहे असे कोणी म्हटले, तर तिला ते मुळीच खपत नसे.

"हौस कसली? तुम्ही भाजी आणायला जाता ते काय हौसेनं जाता?" असे ती विचारीत असे.

तिला एकच भाऊ आहे, थोरला. त्याचे टाइल्सचे मोठे दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली दोघे एकत्रच शिकले होते. जाळ्याचे एक टोक त्याच्या हातात असे, तर दुसरे हिच्या. दुकानाला बरकत आल्यावर त्याला माशांचा वास सहन होईना. त्याने मासे खाणे सोडले, परंतु पकडणे मात्र वाढवले. आपल्यासारखेच काही मित्र जमवून त्याने हौशी मासेमारांचे एक मंडळ काढले.

त्या मंडळाची रीत मला प्रथम खरी वाटली नव्हती. मासा गळाने पकडायचा, ओल्या गादीवर निजवून त्याचे वजन करायचे, त्याला पोटाशी धरून फोटो काढायचा, आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. तलावात एक फार मोठी, जुनी मासळी होती. मंडळातल्या बहुतेकांनी तिला कधी ना कधी पकडून सोडले होते. तिला ते मावशी म्हणत. कोणी गळाची काठी घेऊन निघाला की बाकीचे विचारीत, "काय, आज मावशीकडे का?" माझ्या जावेच्या भावाने दुकानात गल्ल्याच्या वर मावशीचा फोटो लावला होता. वडिलांचा फोटो मात्र त्या दुकानात कुठेही नव्हता.

पुढे मंडळाने तलाव भाड्याने घेतला आणि पाटी लावली. जाळे टाकण्यास सर्वांना मनाई झाली, आणि गळ टाकण्याची परवानगी फक्त सभासदांना राहिली. सभासद होण्यासाठी लागणारी रक्कम ऐकूनच आम्ही तो विषय सोडला. घार मात्र तलावावर जातच राहिली. तिचे म्हणणे असे होते, "पाटी दादानंच लावलीय ना? मग दादा बघून घेईल."

दादाने खरोखरच बघून घेतले. एके सकाळी मीही टोपली धरायला तिच्याबरोबर गेले होते, म्हणून हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तो रखवालदाराला आणि मंडळाच्या चारपाच लोकांना घेऊन आला. रखवालदाराने जाळे बाहेर ओढले. दादाने आपल्या सामानाच्या डब्यातून कात्री काढली.

"घारे, नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "सख्ख्या बहिणीला सोडलं तर उद्या लोक माझ्या तोंडावर बोलतील."

"हे बाबांचं जाळं आहे, दादा."

"बाबा गेले. आता ते दिवस राहिलेत का? मासे पाहिजेत तर मला सांग, मी बाजारातून आणून देतो."

आणि त्याने कापायला सुरुवात केली. जाळे भिजलेले होते, त्यामुळे कात्री नीट चालेना. तो घामाघूम झाला, पण थांबला नाही. घार एकदाही रडली नाही. ती फक्त एवढेच म्हणाली, "पाण्यात टाकायला आपण दोघं लागायचो. कापायला तू एकटा पुरलास."

घरी आल्यावर तिने तुकडे वाळत घातले आणि भाकरीचा तवा चुलीवर ठेवला. भाकरी थापताना माझ्याकडे न पाहता ती बोलली, "माशाला मावशी म्हणतो, आणि बहीण त्याला चोर दिसते. जाऊबाई, त्याची ही मावशी मी खाणार आहे. तळून खाणार आहे, आणि त्याला कळेल अशी खाणार आहे."

मी तिला समजावायला हवे होते असे पुष्कळांनी मला नंतर सांगितले. मी समजावले नाही. मला तिचे म्हणणे योग्य वाटले, आणि आजही वाटते.

मंडळाची वर्षातून एकदा स्पर्धा भरते. त्या दिवशी तंबू लागतो, खुर्च्या येतात आणि कोणालाही बघायला मुभा असते. त्या वर्षी घार तलावाच्या कठड्यावर बसून नुसती बघत राहिली. एका दातांच्या डॉक्टरांनी मावशीला पकडले आणि काठाच्या पायऱ्यांवरून पाण्यात सोडले. सगळे लोक बक्षिसाकडे वळले, पण घार पाण्याकडे पाहत राहिली. दमलेला मासा खोल पाण्यात जात नाही, जवळचा आडोसा धरून पडून राहतो, हे तिच्या वडिलांनी दोन्ही मुलांना शिकवले होते. मावशी पायऱ्यांच्या डाव्या हाताला लव्हाळ्यात शिरली आणि तिथेच धापा टाकत पडली. घार घरी आली, आणि तिने तळ नसलेली एक रुंद टोपली विणायला घेतली. ती टोपली पूर्ण झाल्यावर आमच्या खाटेखाली पुढच्या स्पर्धेपर्यंत पडून राहिली. झाडताना मी ती दर वेळी उचलून पुन्हा जागेवर ठेवत असे. घार लॉन्ड्रीत जात होती, येत होती, आणि दादाचे नाव निघाले की इस्त्री आपटावी तसे ताट आपटत होती.

दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेत मावशी नेमकी दादाच्याच गळाला लागली. घार त्याआधीच लव्हाळ्यात कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी होती. मी कठड्यावर होते. दादाने मावशीला बराच वेळ खेळवले. ती ओढे, तो सैल सोडे, आणि लोक ओरडत, "शाब्बास, शेठ!" शेवटी ती गादीवर आली. फोटोवाला म्हणत होता, "शेठ, जरा वर धरा. अजून एक. हसा ना." दादा हसला. मासळीचे तोंड उघडत होते आणि मिटत होते. मग दादाने तिच्या कपाळाचा मुका घेतला, पायऱ्या उतरून तिला पाण्यात सोडले आणि टाळ्यांच्या गजरात कप घ्यायला तंबूकडे वळला. जे वडिलांनी दोघांना शिकवले होते, ते त्याला त्या वेळी आठवले नाही. कप फार चकचकीत होता.

लव्हाळे हलले. घारीने टोपली वरून दाबली, आत हात घातला, कल्ल्यांत बोटे अडकवली आणि मासळी वर काढली. लहान मूल धरावे तशी तिला छातीशी धरून ती पायऱ्या चढली आणि सरळ तंबूसमोरून चालू लागली.

"घारे!" दादा ओरडला. "सोड तिला!"

"तू सोडलीस ना? सगळ्यांदेखत सोडलीस. टाळ्यासुद्धा वाजल्या," ती म्हणाली. "सोडून दिल्यावर मागायचं नसतं, दादा."

दातांचे डॉक्टर म्हणाले, "पोलिसांना बोलवा!"

मागून कोणीतरी म्हणाले, "आणि सांगणार काय? शेठची मावशी पळवली म्हणून?"

काही लोक हसले. दादाने कप हातात धरलेला होता, त्यामुळे त्याला धावता येईना, आणि तो खाली ठेवायचेही त्याला सुचेना. आम्ही दोघी रस्त्याला लागलो.

घरी मी मासळी साफ करायला घेतली. तिचे ओठ मी पाहिले. एका बाजूचा फाटून पुन्हा जुळला होता, दुसऱ्या बाजूला भोकेच भोके होती. इतके मासे मी आयुष्यात कापले, पण असे तोंड कधी पाहिले नव्हते. घारीला दाखवले. ती म्हणाली, "लाड केलेत ना तिचे," आणि मीठ मागितले.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा दादा दारात आला. कोणाला काही न विचारता आत येऊन तो ताटांकडे पाहत राहिला.

"मारलीस तिला," तो म्हणाला.

"मारली नाही, जेवायला घेतली. मारत तुम्ही होतात, दर वर्षी थोडी थोडी."

"माझ्यावरचा राग तू एका मुक्या जिवावर काढलास?"

"तुझ्यावरचा राग तुझ्यावरच काढतेय. बस. जाऊबाई, दादाला वाढा."

"मी मासे खात नाही, तुला माहीत आहे."

"पकडायचं सोडलं नाहीस, मग खायचं का सोडलंस? बस म्हणते ना."

तो का बसला हे मला सांगता येत नाही. कदाचित पाय थकले असतील. मी वाढले. त्याने एक घास तोंडात घातला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. खरे सांगायचे तर मासळी फार जून होती आणि तिला चिखलाचा वास येत होता. मुलांनीही नाके मुरडली होती, पण घारीच्या डोळ्यांकडे पाहून निमूट खात होती. दादा घास थुंकायला उठू लागला.

"टाकायचा नाही," घार म्हणाली. "या घरात मासा टाकत नाहीत. गीळ."

त्याने गिळला. डोळ्यांतून पाणी आले ते त्याने बाहीने पुसले, आणि तो निघून गेला. तेव्हापासून त्याने आमचा उंबरा चढलेला नाही.

घारीने त्याचे ताट आपल्यापुढे ओढले आणि उरलेले खाऊ लागली.

"झालं का समाधान?" मी विचारले.

"कसलं समाधान? जाळं कापलं ते कापलंच," ती म्हणाली. तिने एक काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवला. मग पातेल्यात डोकावून पाहिले.

"डोकं कुणी घेतलं का?"

"नाही. आहे."

"मग वाढा मला."