वीतभर खाली बांधलेली जाळी

चव्वेचाळीस साल. मी बावीस वर्षांचा. हे आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, लेकांना न्हाई, औंढ्याला नागनाथाच्या पायरीवर डोकं टेकलं तेव्हा देवालाबी न्हाई. तुम्हालाच काहून सांगून राहिलो? ठाऊक न्हाई. कागद पुढं घेतलाय, एवढं खरं.

मी दुसरी शिकलेला. हिंगोलीला मुलींच्या एका शाळेत शिपाई होतो. आमचं घराणं दोर वळणारं. बाजारात दोर हातानं मोजून द्यायचा. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. आता मी मुळातच बुटका, म्हणून माझा हातबी आखूड. गिऱ्हाईक तोंडावर म्हणायचं, "नागोराव, तुझा नको बाबा, तुझ्या थोरल्या भावाचा हात घाल!" सगळा बाजार हसायचा. एकदा त्यापायी मी एकाचं मुंडासं उडवलं. हे काहून सांगतो? — कळंल.

शाळेत नव्या बाई आल्या अन् त्यांनी पोरींना व्हॉलीबॉल शिकवायला घेतलं. जाळी मीच विणली, अंबाडीच्या सुतळीची. बाई म्हणल्या, साडेसात फुटांवर बांधा. दीड फुटाचा एक हात, म्हणजे झाले पाच हात. मोजले. माझ्याच हातानं. खांबांना खाच पाडली, दोरी आवळली. बाई म्हणल्या, शिंप्याची टेप लावून बघू का? मी म्हणलो, "दोरवाल्याला टेप दाखवता व्हय बाई?" त्या पोरींना गोळा करायला गेल्या.

त्या जाळीवर गंगू तयार झाली. कुरुंद्याच्या शेतकऱ्याची पोरगी, आत्याकडं राहून शिकायची. कासोटा खोचून उडी घ्यायची अन् चेंडू असा हाणायची की समोरच्या पोरी डोकं धरून खाली बसत. आमच्या मैदानावर आलेली एकबी शाळा जिंकून गेली न्हाई. मग सबंध निजामी मुलखातून दोनच शाळा उरल्या, त्यात आमची. शेवटचा सामना औरंगाबादेला. गंगूच्या बापानं बाईंना बजावून ठेवलं होतं — पोरीनं नाव काढलं तर पुढलं वर्षबी शिकू देतो, न्हाई तर सोयरीक आलेली हाय. तिचं पुढलं वर्ष त्या एका सामन्यावर टांगलेलं होतं. मला हे ठाऊक होतं. बराबर ठाऊक होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही मैदान बघायला गेलो. पोरींच्या पाण्याची बादली मी संगं नेली होती. हिंगोलीच्या मैदानावर तीच बादली पालथी घालून मी जाळी बांधायचो. वर चढून हात उंच केला की दोरी मनगटाला लागायची. तिथंबी चढलो, सहज. दोरीला नुसतं बोटाचं टोक लागलं. टाचा उचलल्या. तरी बोटंच.

मनगट ते बोट — एक वीत. वर्षभर पोरी वीतभर खालच्या जाळीवर खेळल्या होत्या. माझ्या आखूड हातानं मोजलेल्या.

दिवस अजून अर्धा बाकी होता. तेव्हाच सांगितलं असतं तर पोरींनी संध्याकाळ अन् दुसरी सकाळ त्या जाळीवर हात बसवला असता. जमलं असतं का? काय सांगावं. पण बाईंनी खालून मला सरळ विचारलं, "नागोराव, जाळी आपल्याइतकीच आहे ना?" अन् माझ्या कानात तो बाजार हसून राहिला होता.

"बराबर तितकीच हाय बाई," मी म्हणलो.

दुसऱ्या दिवशी गंगूचा पहिला चेंडू जाळीत. दुसरा जाळीत. ती उडी मारी, चेंडू माझ्या डोळ्यापुढं जाळीला धडकून तिच्याच पायाशी पडे. संगतीच्या पोरी ओरडल्या, "गंगे, हाताला मेंदी लावून आलीस काय गं?" तिचा बापबी सामना बघायला आला होता, कडेला उभा होता. त्यानं उपरणं तोंडावर ओढलं. आम्ही हरलो.

परतीच्या रेल्वेत बाई बोटांवर पुढल्या सालाचा हिशेब करत होत्या. पाच जणी शाळेतच हाईत, गंगू असली की पुढल्या वर्षी आपणच. गंगूचा बाप खिडकीबाहेर बघत म्हणला, "ती न्हाई आता, बाई." गंगू रडली न्हाई. आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघत बसली. मग मला हळूच म्हणली, "नागोदादा, माझ्या हाताला काय झालं ओ?" मी बादलीची कडी नीट करत राहिलो. तिच्या हाताला काय झालं होतं, ते त्या डब्यात एकट्या मलाच ठाऊक होतं.

पुढल्या साली त्याच पाच पोरी, सहावी नवी घेऊन, जिंकून आल्या. शाळेनं नारळ दिले, मलाबी एक. जाळी चांगली राखली म्हणून. मी घेतला. घरी नेऊन फोडला, खाल्लाबी.

पण सांगायचं राहिलं ते आम्ही औरंगाबादेहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. शाळा भरायच्या आधी मी शिंप्याची टेप मागून आणली. मोजलं. वीतभर वर नवी खाच पाडली, जाळी चढवली, अन् जुन्या खाचेत चिखलमाती भरायला बसलो. तेवढ्यात मैदानाच्या कडेनं बैलगाडी आली. बाप हाकत होता, मागं गंगू, मांडीवर तिची वळकटी. कुरुंद्याला चालले होते. तिनं जाळीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नागोदादा," ती गाडीतून ओरडली, "जाळी वर घेतली का ओ?"

"न्हाई," मी म्हणलो. "होती तितकीच हाय."

अन् खाचेवर अंगठा दाबून धरला.