मामांचा उत्तरेचा उजेड

घरातली भांडणं, दुखणी आणि बिघडलेल्या भाज्या या सगळ्यांचं मूळ एकच, ते म्हणजे उत्तरेच्या उजेडाचा अभाव, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझे धाकटे मामा. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाची प्रत ठरवत. कापूस पारखावा तो उत्तरेच्या उजेडात, उन्हात डोळे दिपतात आणि डाग लपतो, हे त्यांच्या धंद्याचं शास्त्र. पण ते शास्त्र संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरीही येई. माझ्या ताईला पाहायला पुसदचे पाहुणे आले, तेव्हा मामांनी नवऱ्या मुलालाच बाजेवरून उठवून उत्तरेच्या ओसरीत नेलं, दोन-चार मिनिटं न्याहाळलं आणि म्हणाले, "आता दिसते बरोबर. पोरगा चांगला हाये."

त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, बांधलेलं घर मात्र चोरांच्या आणि उन्हाच्या धास्तीनं बांधलेलं होतं. मातीच्या हातभर जाड भिंती, आणि स्वयंपाकघराला एकही खिडकी नाही. साठ सालानंतर कधीतरी मामांनी ते दुरुस्त करून वाढवायला काढलं. आधी पंधरा दिवस ते मूठभर कापूस घेऊन खोल्याखोल्यांतून बसले आणि भिंतींवर खडूनं खुणा करत सुटले. त्या खुणा पाहून मिस्त्री हबकला.

"भाऊ, इतके भोकं पाडले त घराची चाळणी होईन."

"चाळणीतूनच त पीठ चांगलं पडते," मामा म्हणाले.

मामीला हे काहीच पटत नव्हतं. "मले कायले पाह्यजे उजेड? डबे हातानं ओळखू येते मले," ती म्हणायची. पण मामा ऐकतात कुठे! उत्तरेला मोठ्या खिडक्यांची नवी खोली उभी राहू लागली. चुलीवरची चार कौलं काढून तिथे बसवायची काच त्यांनी यवतमाळहून एसटीनं आणली, खड्ड्याखड्ड्याला तिच्यासकट उभे राहत.

काच बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामी भाकरी थापत होती. त्यांच्याकडे राहायला आलेली मी पाणी भरत होते. मामा उजेड कसा पडला ते पाहायला आले आणि दारातच थबकले. वर काचेकडे त्यांनी पाहिलंच नाही. मामीकडेच पाहत राहिले.

"तुहे केस कधी पांढरे झाले वं?"

"इथंच झाले," भाकरी उलटत मामी म्हणाली. "धुरात. तुमी तिकडं कापूस पाहून राह्यले होते."

प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारे मामा हळूच पाट ओढून तिच्याजवळ बसले आणि परातीतल्या तुरीच्या शेंगा सोलू लागले. सोललेले दाणे आणि टरफलं एकाच वाटीत टाकत होते.

पुढे नवी खोली पाहायला अर्धं दिग्रस येऊन गेलं. मामा कौतुकानं ती दाखवत, पण सकाळचा चहा मात्र चुलीपाशी बसूनच घेत. चहा संपला तरी उठत नसत.

"जिनिंगचा भोंगा झाला," मामी आठवण करून द्यायची.

"होऊ दे," ते म्हणत.