यमुनाबाईच्या पडवीतली विळी

हौसाच्या मनात संशयाचा किडा एकदा वळवळला की तो सहजासहजी मरत नसे. पाटीतली मासळी विकताना आपणच लावलेला वाटाही ती दोनदा निरखून बघायची. नवरा मुंबईला लाँचवर खलाशी. अडीच वर्षांच्या चिमाला यमुनाबाईच्या पडवीत सोडल्याशिवाय तिला पावस गावच्या बाजाराला जाता येत नव्हतं. चौऱ्याऐंशी सालच्या पूर्णगडात लहान पोरांना सांभाळणारं दुसरं होतं तरी कोण?

यमुनाबाई एकटी बाई. कोळंबी सोलून, वाळवून सोडे विकायची, आणि त्यातच चार घरची पोरं बघायची. त्याबद्दल एक छदामही घेत नसे. हौसाला खुपलं ते नेमकं हेच. शेजारची कमळा तर उघडच म्हणाली होती, की फुकट कोण कुणाची पोरं सांभाळतं, काहीतरी काम काढून घेत असेल.

मग एके दिवशी चिमाच्या बोटांना कोळंबीचा वास आला. दुसऱ्या दिवशी घरी ती विळीसमोर उकिडवी बसली, फ्रॉक गुडघ्यांत खोचला आणि "काप, काप" म्हणाली. म्हातारी आपल्या लेकराकडून कोळंबी सोलून घेते, तेही विळीवर, याबद्दल तिला शंका उरली नाही.

शुक्रवारी ती पाटी अर्धी भरलेलीच घेऊन परतली. समोरून न जाता मागच्या कुडाच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

पडवीत चुन्याची रेघ ओढलेली होती. रेघेच्या अलीकडे तीन पोरं मांडी घालून गप्प बसलेली. पलीकडे चिमा, खऱ्या लोखंडी पात्याच्या विळीवर, पाटावर पाय दाबून. तिच्या मागे यमुनाबाई, दोन्ही गुडघे पोरीच्या दोन बाजूंना लावून. चिमाच्या हातात उकडलेलं रताळं होतं. म्हातारी हळू आवाजात सांगत होती, बोटं वर, रताळं खाली, डोळे पात्यावर. कोपऱ्यात कोळंबीची टोपली तशीच पडली होती. तिच्यावर माशा बसत होत्या आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

टोपली हौसाला दिसली, पण तिचा अर्थ लावायला डोकं थाऱ्यावर कुठे होतं? तिने मोठ्याने किंकाळी फोडली.

चिमाने दचकून मान वळवली आणि तिचं बोट पात्याला लागलं. रक्त पाहून हौसा आत धावली, पोरीला ओढून घेतलं आणि तिच्या बोटांच्या वासावरून तोंडाला येईल ते बोलली. माझ्या लेकराकडून तुझी कोळंबी सोलून घेतेस, खोट्या मायेचं सोंग आणतेस, असंही बोलली. हा शेवटचा शब्द तिला स्वतःलाच झोंबला, पण तो परत कसा घेणार?

यमुनाबाईने हळद आणली. बोटावर दाबून चिंधी बांधली. जखम नखाएवढीच होती.

"माजा पोरगा दादू हाय मुंबईस," ती म्हणाली. "त्याची दोन बोटं नायत, तुज्या लग्नात पायलीस ना?"

हौसाने पाहिली होती. यंत्रात गेली असतील, अशी तिची समजूत होती.

"तो ल्हान असताना मी विळी माळ्यावर लपवून ठेवायची. तो चढला. मी वरडले गो, तुज्यासारकीच. तो विळीसकट खाली आला. होडीवर त्याला कुणी घेतला नाय, म्हणून तो तिकडं." चिंधीची गाठ आवळत ती म्हणाली, "हातांना वास येतो तो मी सोलताना पोरं कोळंबीत हात घालतात म्हणून. विळी काढली की मी दुसरं काय करत नाय."

हौसाने पोर उचलली आणि चालू लागली. तिचा विश्वास बसला नव्हता. गोड बोलून बाई आपली चूक झाकते आहे, असंच ती वाटभर घोकत राहिली. घरी गेल्यावर विळी आणि कोयती तिने चुलीवरच्या उंच फळीवर सारली, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

तिन्हीसांजेला ती मागच्या दारी भांडी घासत होती. आत काहीतरी खडखडलं म्हणून तिने वळून पाहिलं. पालथ्या घातलेल्या पातेल्यावर चिमा उभी होती, टाचा उंचावून. चिंधी बांधलेला हात फळीवरच्या विळीच्या पाटाला लागला होता आणि पाट कडेला आला होता.

हाक हौसाच्या गळ्यापर्यंत आली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. अनवाणी पायांनी, आवाज न करता ती गेली, एका हाताने पाट धरला, दुसऱ्या हाताने पोर. मग तिथेच खाली बसली. पोरीला तिने पोटाशी घट्ट धरलं.

शेवटी तिने विळी जमिनीवर ठेवली. पात्यावरून नजर काढायची अजून तिची हिंमत नव्हती. चुलीत भाजलेलं रताळं तिने पोरीच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली,

"यमुनाआजी कशी बसते गो तुज्या पाठी? मला दाखव."